तीव्र मध्यम आणि एक जुना फोन नंबर

घरात हार्मोनियम असेल तर पांढरी सात दाबा आणि तिच्या वरची पांढरी चार. दोन्ही एकदम, भाता हळू. गिटार असेल तर पाचव्या तारेचा दुसरा पडदा आणि चौथ्या तारेचा तिसरा. षड्ज आणि तीव्र मध्यम, बाकी काही नाही. दहा-पंधरा सेकंद तसंच धरून ठेवलं की जबडा आपोआप आवळला जातो.

यमन ऐकत मोठ्या झालेल्या कानाला याचं नवल वाटेल. तीव्र मध्यम म्हणजे आपल्याकडे दिवेलागणीचा सूर, त्यात टोचण्यासारखं काय आहे? पण यमनात त्याला कुणी एकटं सोडत नाही. खाली गंधार असतो, वर पंचम असतो, त्याला टेकायला दोन्हीकडे जागा असते. गंधार-पंचम काढून घेतले आणि नुसता षड्जासमोर उभा केला की तो नातेवाईक नसलेल्या माणसासारखा होतो. पुढेही जाता येत नाही, मागेही फिरता येत नाही.

नाइन इंच नेल्सच्या 'हर्ट' या गाण्यात कडव्यांखाली हीच जोडी वाजत राहते. बँड म्हणायचं, पण तेव्हा तो मुख्यतः एकटा ट्रेंट रेझ्नर. 'द डाउनवर्ड स्पायरल' हा अल्बम ८ मार्च १९९४ ला आला, त्यातलं हे शेवटचं, चौदावं गाणं. पहिल्या गाण्याचं नावच 'मिस्टर सेल्फ डिस्ट्रक्ट'. मधल्या तासाभरात एक माणूस धर्म, देह, नशा, राग अशी एकेक फांदी तोडत खाली येतो आणि 'हर्ट'पाशी पोचतो तेव्हा तोडायला काही उरलेलं नसतं.

हे गाणं म्हणजे रेझ्नरचं मन उघडं पडलेलं आहे, असं म्हणायची पद्धत आहे. असेलही. पण कानाने नीट पाहिलं तर आधी दिसते ती कारागिरी, आणि तीही थंड डोक्याची. अल्बमची सुरुवात मारहाणीच्या आवाजाने होते. तो १९७१ च्या 'टीएचएक्स ११३८' या सिनेमातून उचललेला आहे. 'क्लोजर' गाण्याचा तो प्रसिद्ध धप्प ठोका इगी पॉपच्या १९७७ मधल्या 'नाइटक्लबिंग'मधून घेऊन बदललेला आहे. 'क्लोजर'च्या शेवटाला पियानोवर एक उतरती सुरावट येते, अर्ध्या-अर्ध्या सुराने पायऱ्या उतरल्यासारखी. तीच पुढे अल्बमच्या शीर्षकगीतात परत भेटते. एकदा पेरायचं आणि आठ गाण्यांनी उगवू द्यायचं. तोल गेलेल्या माणसाला हे जमत नाही. तोल गेल्याचं सोंग हुबेहूब वठवायचं तर सोंग घेणाऱ्याचा तोल फार पक्का लागतो, हे दशावतारातला कुणीही नट सांगेल.

'हर्ट'मध्ये आवाज कुजबुजीच्या पातळीवर आहे. अशी कुजबुज रेकॉर्ड कशी होते ते थोडं तपशिलात पाहण्यासारखं आहे, कारण 'कानात कुणी कबुली देतंय' असं जे वाटतं ते बरंचसं यंत्राचं काम असतं. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकच्या पाच ते आठ सेंटिमीटर जवळ तोंड आणलं की आवाजातला खर्ज आपोआप फुगतो. साधारण २०० हर्ट्झच्या खालचा भाग वाढतो आणि माणूस उशीवर डोकं ठेवून बोलतोय असा भास होतो. मग येतो कॉम्प्रेसर. चारास एक असं प्रमाण लावलं तर ठरवलेल्या मर्यादेच्या वर आवाज चार डेसिबल गेला तरी बाहेर एकच डेसिबल वाढतो. मोठं ते दाबलं जातं, मग सगळंच वर उचलता येतं, आणि ओठांचा चिकटलेला आवाज, आवंढा, श्वास हे सगळं शब्दांच्या बरोबरीने समोर येतं. प्रत्यक्षात कुणी इतक्या हळू बोललं तर दोन हातांवर ऐकू येणार नाही. रेकॉर्डवर मात्र ते पूर्ण बँडच्या पुढे उभं असतं.

बिघडतंही इथेच. कॉम्प्रेसर फार चटकन धरायला लावला तर व्यंजनांची धार जाते, 'त' आणि 'क' बोथट होतात. फार चटकन सोडायला लावला तर दोन शब्दांमधला प्रत्येक श्वास उसळी मारतो आणि गायक दम्याचा रुग्ण वाटायला लागतो. 'प', 'फ', 'भ' माइकवर हवा मारतात, म्हणून मध्ये जाळी लावायची किंवा माइक तोंडासमोरून थोडा तिरका करायचा. खोलीतला पंखा, एसी, बाहेरची रिक्षा सगळं कुजबुजीसोबत वर येतं. घरी रेकॉर्ड केलेली 'हळवी' गाणी पुष्कळदा इथेच मार खातात: भावना शंभर टक्के आणि मागे फ्रिजची घरघर.

याच कुटुंबातली दुसरी युक्ती एलियट स्मिथ या अमेरिकन गायकाने फार वापरली. 'आयदर/ऑर' (१९९७) ऐका. एकच माणूस गातोय असं वाटतं, पण आवाजाच्या कडा धूसर आहेत. तीच ओळ दोनदा गायलेली असते आणि दोन्ही एकमेकींवर ठेवलेल्या असतात. ती खरोखर दोनदा गावी लागते. एकच टेक कॉपी करून सरकवला तर अगदी थोड्या अंतरावर, पाचएक मिलिसेकंदांच्या आत, आवाज पोकळ नळीतून आल्यासारखा होतो. पन्नासच्या पुढे गेला तर सरळ दोन माणसं ऐकू येतात. पंधरा ते चाळीसच्या मधला, दर शब्दाला बदलणारा फरक हवा असतो आणि तो फक्त माणसाच्या चुकीतून येतो. 'स', 'श' आणि शब्दाच्या शेवटचा 'ट' दोनदा वाजले की टाचणीसारखे लागतात, म्हणून दुसऱ्या टेकमध्ये ते हळू उच्चारायचे किंवा नंतर कापून टाकायचे. स्वतःशी बोलणाऱ्या माणसाचा आवाज असा बनतो. स्वतःशी बोलायला दोन जण लागतातच म्हणा.

परत 'हर्ट'कडे. गाण्याच्या तळाशी वाऱ्यासारखी एक खरखर सतत आहे. शेवटच्या ओळींत शब्द चक्क वर चढतात: पुन्हा सुरुवात करता आली, दूर कुठे तरी, तर मी स्वतःला राखेन, वाट काढेन. ऐकणारा सुटकेचा श्वास घेणार तेवढ्यात गिटारचा एक फाटका, कर्कश आघात येतो आणि मग तो आवाज विरत विरत बराच वेळ लोंबकळत राहतो. आशेचे शब्द आणि कोसळल्याचा आवाज एकाच ठिकाणी ठेवले आहेत. कुठलं खरं मानायचं ते सांगितलेलं नाही. ६ मिनिटं १३ सेकंदांच्या गाण्यात इतकी जागा मोकळी सोडायला हिंमत लागते.

अल्बम जिथे तयार झाला त्या घराबद्दल लिहायचं टाळता येत नाही, पण मला त्यात फारसा रस नाही. लॉस एंजेलिसमधलं १००५० सिएलो ड्राइव्ह: ऑगस्ट १९६९ मध्ये चार्ल्स मॅन्सनच्या टोळीने शॅरन टेट ही अभिनेत्री आणि इतरांची हत्या केली ते घर. रेझ्नरने ते भाड्याने घेऊन आत स्टुडिओ थाटला. पुढे शॅरन टेटच्या बहिणीने त्याला समोरासमोर विचारलं, की माझ्या बहिणीच्या मरणाचा तू फायदा उठवतोयस का, आणि तेव्हा त्याला स्वतःची लाज वाटली, हे त्यानेच नंतर सांगितलं आहे. अंधाराशी खेळणाऱ्या संगीतात हा थिल्लरपणा नेहमीच दबा धरून असतो: दुसऱ्याची जखम आपल्या भिंतीवर टांगायची. गाण्यातला तीव्र मध्यम त्या घरातून आलेला नाही. तो कुठल्याही घरात लागला असता.

आता तेच गाणं जॉनी कॅश या अमेरिकन कंट्री गायकाकडे कसं गेलं ते बघा. निर्माता रिक रुबिन, अल्बम नोव्हेंबर २००२ मध्ये आला, तेव्हा कॅश सत्तरीचा होता. पहिलं काम काय झालं, तर तो टोचणारा सूर काढला गेला. कॅशच्या कडव्यात ए मायनर, सी, डी एवढे साधे कॉर्ड्स आहेत. शिकाऊ मुलं दुसऱ्या महिन्यात हे वाजवतात. 'ए' हा सा धरला तर या तीन कॉर्ड्सच्या सुरांतून कोमल गंधार, कोमल निषाद आणि शुद्ध धैवत मिळतो, म्हणजे काफीची छटा. जुनं, मळलेल्या वाटेचं दुःख. ध्रुवपदात एफ कॉर्ड येतो आणि धैवत कोमल होतो. एवढाच बदल, अर्ध्या सुराचा. पण छातीवर हात ठेवल्यासारखं वाटतं ते तिथे. गिटारवर करून पाहायचं असेल तर डीवरून एफवर जाताना कान फक्त धैवतावर ठेवा: एफ शार्प होता, तो एफ झाला.

रेझ्नरकडे जे काम खरखर आणि विकृत केलेली गिटार करते, ते कॅशकडे पियानोचा एकच सूर करतो. ध्रुवपदात तो ठोकत राहतो, दर आवर्तनाला अधिक जोरात. दाराशी कुणी उभं आहे आणि थांबत नाही, तसा. इथे मोह असतो बाकीची वाद्यं वाढवायचा. घरगुती आवृत्त्यांमध्ये व्हायोलिनचे थर चढवले की गाणं मालिकेच्या शीर्षकगीतासारखं होतं, कारण दाब एका ठिकाणी न राहता सगळीकडे पसरतो. कॅशचा आवाज माइकजवळ आहे, पण कुजबुज नाही. थकलेला, मधूनच कापणारा आवाज, आणि तो कापलेला भाग तसाच ठेवला आहे. दुरुस्त केला असता तर गाणंच राहिलं नसतं. ३ मिनिटं ३८ सेकंदांत आटोपतं. मूळ गाण्याच्या जवळपास अर्ध्यावर थोडं.

शब्द एकच महत्त्वाचा बदलला. मूळ गाण्यात डोक्यावर घाणीचा मुकुट आहे, त्या घाणीला साधा शिवीवजा शब्द. कॅशने त्या जागी काट्यांचा मुकुट घातला. श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस, त्याला शिवी नको असेल, इतकंच कारण पुरेसं आहे. परिणाम मात्र फार पुढे गेला. अठ्ठावीस वर्षांचा तरुण स्वतःवर थुंकत होता, तिथे आता सत्तर वर्षांचा म्हातारा हिशेब मांडून बसला आहे. नशेच्या सुईची ओळ तशीच राहिली. साठच्या दशकात गोळ्यांच्या आहारी गेलेल्या कॅशच्या तोंडी तीही वेगळी वाजते.

मार्क रोमनेकने केलेल्या व्हिडिओत टेनेसीतलं बंद पडलेलं 'हाउस ऑफ कॅश' संग्रहालय दिसतं. याच रोमनेकने १९९४ मध्ये 'क्लोजर'चा व्हिडिओ केला होता, हा योगायोग मला फार आवडतो. जून कार्टर कॅश जिन्यात उभी राहून नवऱ्याकडे बघते. ती १५ मे २००३ ला गेली, तो १२ सप्टेंबरला. व्हिडिओच्या शेवटी कॅश पियानोचं झाकण लावतो आणि त्यावरून हात फिरवतो. वाद्य बंद करून झाल्यावर वाजवणारे नेहमीच करतात तसा.

व्हिडिओ पाहिल्यावर रेझ्नरला वाटलं, की हे गाणं आता आपलं राहिलं नाही. आणि रेझ्नरचं काय झालं? २००१ मध्ये तो व्यसनमुक्तीसाठी दाखल झाला, सुटला, २०११ मध्ये अटिकस रॉसबरोबर चित्रपटसंगीताचं ऑस्कर घेतलं, दहा वर्षांनी आणखी एक. म्हणजे ज्याने 'मिस्टर सेल्फ डिस्ट्रक्ट' लिहिलं तो मजेत काम करतोय. गाणं पुरावा म्हणून वाचणाऱ्यांची पहिली पंचाईत ही.

दुसरी पंचाईत नेमकी उलटी आहे, आणि ती मँचेस्टरची.

तिथल्या जॉय डिव्हिजन या बँडचा 'अननोन प्लेझर्स' हा अल्बम जून १९७९ मध्ये आला, स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत रेकॉर्ड झालेला. निर्माता मार्टिन हॅनेट. बँडला स्टेजवरचा दणका हवा होता आणि हॅनेटने त्यांच्या हाती बर्फ ठेवला. पीटर हूक आणि बर्नार्ड समनर यांना तेव्हा तो आवाज आवडला नव्हता, हे त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. हॅनेटने ड्रमर स्टीफन मॉरिसला ड्रम सुटे सुटे वाजवायला लावले. नेहमीच्या ड्रम-संचात एकावर काठी पडली की शेजारचेही थरथरतात, झांजा कुरकुरतात, प्रत्येक माइकमध्ये सगळ्यांचं थोडं थोडं सांडतं. या सांडण्यामुळेच आपल्याला 'एक माणूस वाजवतोय' असं वाटतं. सांडणं बंद केलं की प्रत्येक ठोका आपल्या स्वतंत्र पोकळीत पडतो. वाजवणाऱ्याला मात्र हे जड जातं. चार अवयव मिळून जो ठेका धरतात त्यातला एकच चालू ठेवायचा आणि बाकीचे मांडीवर किंवा हवेत मोजायचे, नाहीतर वेग घसरतो. त्यावर हॅनेट एएमएस कंपनीच्या डिजिटल डिलेची अगदी छोटी प्रतिध्वनी जोडायचा. ठोका तर जवळचा, पण त्याची सावली दुसऱ्या खोलीत.

'शी'ज लॉस्ट कंट्रोल'मध्ये तालाबरोबर फुस्स असा आवाज येतो तो टेपचं हेड साफ करायच्या स्प्रेचा आहे. 'इनसाइट'साठी हॅनेटने गायक इयन कर्टिसचा आवाज टेलिफोनच्या लाइनवरून घेतला. फोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच पलीकडे जातं. छातीचा खर्ज गळतो, वरची चमक गळते, उरतो शब्दांचा सांगाडा. माणूस तोच, पण मध्ये अंतर पडलं. घरी करायचं असेल तर इक्वलायझरवर या दोन आकड्यांच्या बाहेरचं सगळं कापा आणि किंचित फाटू द्या. अगदी स्वच्छ ठेवलं तर फोनसारखं न वाटता फक्त स्वस्त स्पीकरसारखं वाटतं.

तर अंतराची एवढी चोख रचना. आणि तिच्या मधोमध गाणारा तेवीस वर्षांचाही नव्हता. कर्टिस रोजगार कार्यालयात नोकरी करायचा. 'शी'ज लॉस्ट कंट्रोल' ही तिथे येणाऱ्या, अपस्माराचे झटके येणाऱ्या एका मुलीवरून सुचलेली. १९७९ च्या सुरुवातीला त्याला स्वतःलाच अपस्मार असल्याचं निदान झालं. १८ मे १९८० ला, बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या आदल्या दिवशी, त्याने आपलं आयुष्य संपवलं. दुसरा अल्बम 'क्लोजर' (इंग्रजीत स्पेलिंग रेझ्नरच्या गाण्याचंच) जुलैमध्ये त्याच्या पश्चात आला.

सोबती नंतर म्हणाले, की आम्ही त्याच्या शब्दांकडे लक्षच दिलं नव्हतं, ती गाण्यातली वाक्यं वाटायची. त्यांना आज कुणी दोष देऊ नये. बँडमध्ये गायकाचे शब्द नीट ऐकूच येत नाहीत हे एक कारण, तालमीच्या खोलीत अँप्सचा इतका गोंगाट असतो. समनरचा अँप इतका मोठा असायचा की हूक स्वतःला ऐकू यावं म्हणून बेस गिटार वरच्या पडद्यांवर वाजवायला लागला आणि त्यातून बँडची ओळखच तयार झाली. पण खरं कारण बहुधा याहून साधं आहे: जो रोज गाडीत थट्टा करतो, पैशांवरून भांडतो, वेळेवर येतो, त्याची कविता आपण कविता म्हणूनच ऐकतो.

निक ड्रेक या इंग्रज गायक-गिटारवादकाच्या बाबतीत लोकांनी उलट केलं. तो २५ नोव्हेंबर १९७४ ला, सव्विसाव्या वर्षी गेला, आणि तेव्हापासून 'पिंक मून' हा शेवटचा अल्बम चिठ्ठीसारखा वाचला जातो. वस्तुस्थिती अशी, की ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत, इंजिनिअर जॉन वुडबरोबर दोन रात्रींत हे अठ्ठावीसेक मिनिटांचं काम झालं. गळा आणि गिटार, शीर्षकगीतावर तेवढा पियानोचा एक तुकडा. पुढे तीन वर्षं तो जगला. चिठ्ठी इतकी आधी कुणी लिहीत नाही.

त्या गिटारकडे बघा. 'पिंक मून'च्या शीर्षकगीतात तारा जाड ते बारीक अशा लावलेल्या आहेत: सी, जी, सी, एफ, सी, ई, आणि दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा. नेहमीच्या जुळणीवरून जायचं तर सहावी तार दोन पूर्ण सूर खाली, पाचवी, चौथी आणि तिसरी एकेक सूर खाली, दुसरी अर्धा सूर वर, पहिली जिथल्या तिथे. दुसरी शेवटी आणि हळूहळू चढवा. जुनी असेल तर ती तुटते, आणि तोंडाजवळ तुटली तर लागते. सहावी इतकी सैल होते की पडद्यांवर खडखडते, म्हणून जाड तारांचा संच घ्यावा, १३ चा. आणि ती जोराने दाबली की सूर वर चढतो, तेव्हा डाव्या हाताला सवय करावी लागते. सगळ्या तारा उतरवल्या की बाकीच्यांवरचा ताण बदलतो, आधी लावलेली पुन्हा हलते. किमान दोन फेऱ्या कराव्या लागतात. हे सगळं झालं की मोकळ्या तारा तंबोऱ्यासारख्या मागे भरून राहतात आणि चाल वरच्या दोन-तीन तारांवर फिरते.

आणि हे अचूक वाजलेलं आहे. अंगठ्याचा ठेका एकदाही डळमळत नाही. हे गाणं विस्कटलेल्या माणसाचं आहे असं म्हणायचं असेल तर म्हणा, पण त्या रात्री तो उजवा हात विस्कटलेला नव्हता. एवढं तरी टेपवर शंभर टक्के आहे.

गाणं पुरावा मानायचा अट्टहास पुढे खरोखर न्यायालयात गेला. हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बोर्नच्या १९८० मधल्या 'सुइसाइड सोल्यूशन' या गाण्यावर अमेरिकेत खटला झाला. एका तरुणाच्या आत्महत्येला हे गाणं जबाबदार, असा दावा. शीर्षकातला श्लेष आपल्याला शाळेच्या रसायनशास्त्रामुळे चटकन कळतो: सोल्यूशन म्हणजे उपाय, तसंच द्रावण. गाणं दारूबद्दल आहे, बाटलीतल्या द्रावणाबद्दल. ऑझी म्हणायचा, की दारूने गेलेल्या बॉन स्कॉट या एसी/डीसी बँडच्या गायकावरून सुचलं. शब्द लिहिणारा बॉब डेझली म्हणतो, की ते ऑझीच्याच पिण्याबद्दल होतं. एका गाण्याच्या दोन बापांचं एकमत नाही आणि वकिलांना मात्र त्यातला अर्थ ठाम माहीत होता. दावा १९८६ मध्ये फेटाळला गेला, अपिलातही १९८८ मध्ये टिकला नाही.

१९९० च्या उन्हाळ्यात नेवाडातल्या रीनोमध्ये जूडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडवर खटला चालला तो आणखी अजब. 'स्टेन्ड क्लास' (१९७८) या अल्बममधल्या एका गाण्यात 'डू इट' असा छुपा हुकूम दडवला आहे आणि तो ऐकून दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली, असं म्हणणं. गाणं मुळात त्यांचं नव्हतंच, स्पूकी टूथ या बँडचं १९६९ चं. मूळ चोवीस ट्रॅकची टेप उघडून एकेक ट्रॅक ऐकला गेला. बँडचा गायक रॉब हॅलफर्डने साक्षीच्या पिंजऱ्यात गाऊन दाखवलं, आणि टेप उलटी वाजवली तर खुर्ची मोडल्याची तक्रार आणि पेपरमिंटची मागणीही सापडते हे ऐकवलं. न्यायाधीशांनी निष्कर्ष काढला, की एका ट्रॅकवरचा गायकाचा उच्छ्वास आणि दुसऱ्या ट्रॅकवरची गिटार एका क्षणी जुळून तसा भास होतो, कुणी मुद्दाम दडवलेलं नाही. २४ ऑगस्टला दावा निकालात निघाला. दोन तरुण आधीच गेलेले, त्यांची घरं उद्ध्वस्त, आणि न्यायालयात श्वासाची तपासणी.

या खटल्यांची सावली लांब पडली. १९९३ मध्ये निर्वाणा बँडच्या नव्या अल्बमला गायक कर्ट कोबेनला नाव द्यायचं होतं, 'मला माझा तिटकारा येतो आणि मरावंसं वाटतं' या अर्थाचं. बँडमधल्याच क्रिस्ट नोवोसेलिकने समजावलं, की उद्या कुणी कोर्टात खेचेल. नाव बदलून 'इन यूटेरो' झालं. ती थट्टा होती, असं कोबेनने पुढे मुलाखतीत सांगितलं. एप्रिल १९९४ मध्ये तो गेला, आणि तेव्हापासून ती थट्टा होती की नव्हती यावर लोक वाद घालतात. मला वाटतं, थट्टा होती आणि खरंही होतं. मराठी घरात 'मेलं एकदाचं सुटेन' दिवसातून चारदा म्हणणाऱ्या आजीला हे समजावून सांगावं लागत नाही. पण तिच्या त्या चार वेळांतली एक वेगळी असते, ती ओळखायला शब्द उपयोगी पडत नाहीत. ती जेवली का, झोपते का, तिने आवडीची वस्तू कुणाला देऊन टाकली का, हे बघावं लागतं.

गाण्याने माणसाचं काय होतं हे मोजायचा एक चांगला प्रयत्न अलीकडे झाला. रॅपर लॉजिकने २८ एप्रिल २०१७ ला एक गाणं काढलं. त्याचं शीर्षक म्हणजे अमेरिकेच्या आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनचा नंबर: १-८००-२७३-८२५५. शब्दांची रचना साधी पण हुशार आहे. पहिलं ध्रुवपद फोन करणाऱ्याचं: मला जगायचं नाही. मग पलीकडचा बोलतो आणि तेच ध्रुवपद फिरतं: तू जगावंस असं मला वाटतं. शेवटी ते पुन्हा फोन करणाऱ्याकडे येतं: आता जगावंसं वाटतंय. चाल तीच, ताल तोच, दोन-तीन शब्द सरकलेले. बरं झाल्याचं ढोल-ताशे लावून सांगितलेलं नाही, आणि सुरुवातीचं 'मला जगायचं नाही' घाईघाईने झाकूनही टाकलेलं नाही. बहुतेक 'सकारात्मक' गाणी नेमकी तिथेच फसतात. पहिल्या ओळीपासून खांद्यावर थापट्या सुरू, आणि ज्याला गरज आहे तो दुसऱ्या ओळीला गाणं बंद करतो.

डिसेंबर २०२१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये याचा अभ्यास छापून आला. गाण्याचं प्रकाशन, ऑगस्ट २०१७ चा एमटीव्ही सोहळा, २०१८ चं ग्रॅमी असे सर्वाधिक चर्चेचे मिळून ३४ दिवस संशोधकांनी पाहिले. त्या काळात हेल्पलाइनला अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले, म्हणजे ६.९ टक्के. आत्महत्या अंदाजापेक्षा २४५ नी कमी झाल्या, ५.५ टक्के. हा नुसता आकडेवारीतला संबंध आहे, त्या २४५ पैकी कुणाचं नाव घेऊन 'हा गाण्याने वाचला' असं सांगता येत नाही. पण रीनोमध्ये उच्छ्वास मोजण्यापेक्षा हे मोजणं कितीतरी शहाणपणाचं.

जुलै २०२२ पासून अमेरिकेने तो लांबलचक नंबर बदलून ९८८ असा तीन आकडी केला. लॉजिकच्या गाण्याचं शीर्षक त्यामुळे जुनं झालं. आपल्याकडे त्याच वर्षी १० ऑक्टोबरला टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन सुरू झाली, १४४१६, फुकट, मराठीतही बोलता येतं. तिकडचा तो जुना नंबर मात्र बंद केलेला नाही. गाणं ऐकून कुणी अजूनही १-८००-२७३-८२५५ फिरवला तर फोन लागतो. लाइन तीच, खर्ज गळालेली, चमक गळालेली, आणि पलीकडे कुणीतरी हॅलो म्हणतं.